४०० फोटो आहेत, पण गोष्ट होत नाही: सातवीच्या वर्गात छायाचित्र-कथा कशी घ्यावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातली शाळा, सातवीचा वर्ग, पट ३८. शाळेचे दोन टॅब आणि मॅडमचा स्वतःचा एक फोन. मुलांना गावच्या गुऱ्हाळावर नेलं, ४०० च्या वर फोटो आले. निम्म्यात मुलांनी एकमेकांना पोझ दिलेल्या, उरलेले काळे नाहीतर हललेले. स्लाइड शो लावला तर मुलंच कंटाळली. पुन्हा न्यायचं आहे. या वेळी काय वेगळं करावं, आणि गुण कसे द्यावेत?

मॅडम, ते ४०० फोटो पुसू नका, पहिल्या दोन तासिकांना तेच लागणार आहेत. चुकलं इतकंच, की मुलांना हवे तेवढे फोटो काढता आले, त्यामुळे कुठलाच फोटो निवडावा लागला नाही. छायाचित्र-कथेत शिकण्याचा बहुतेक भाग बटण दाबण्याच्या आधी आणि नंतर असतो. सात तासिका धरा. कॅमेरा हातात असेल तो त्यातल्या एकाच टप्प्यात. दोन तासिका तयारीला, दोन निवडीला, दोन लिहिण्याला. निवडीच्या तासिका वाचवायला गेलात तर पुन्हा स्लाइड शोच हाती येईल.

पहिल्या तासिकेला जुन्या ढिगातला एकच फोटो पडद्यावर लावा. पोझ नसलेला, ज्यात दोन-तीन गोष्टी एकाच वेळी चालल्या आहेत असा. मग तीन प्रश्न, याच क्रमाने: यात काय चाललंय? कशावरून म्हणतोस? आणखी काय दिसतंय? हे प्रश्न अॅबिगेल हाउसेन आणि फिलिप येनावाइन यांनी संग्रहालयांमधल्या चित्रवाचनासाठी रुजवले आणि कुठल्याही भाषेत चालतात. सगळी गंमत दुसऱ्या प्रश्नात आहे. 'तो माणूस दमलाय' असं मूल म्हणालं की 'कशावरून?' विचारायचं, आणि पाठीचा बाक, कपाळावरचा घाम, बाजूला टेकवलेलं फावडं असं काहीतरी बोट ठेवून दाखवायला लावायचं. इथे आपण शिक्षक लोक हमखास घोटाळा करतो. एखाद्याचं उत्तर 'बरोबर' म्हणून मोकळे होतो आणि बाकीचे ३७ जण बघायचं थांबवतात. १५ मिनिटं कुठलंच उत्तर बरोबर किंवा चूक ठरवू नका. मुलाचं वाक्य जरा नीट करून त्यालाच परत ऐकवा आणि पुढच्याकडे वळा.

दुसऱ्या तासिकेला कॅमेऱ्याऐवजी पुठ्ठा. वहीच्या आकाराचा जाड पुठ्ठा घेऊन मधोमध ८ बाय ६ सेंटिमीटरचा चौकोन कापा. फोनच्या फोटोचं ४:३ हे प्रमाण यात आपोआप येतं. चौकट डोळ्याजवळ धरली की अख्खा वर्ग दिसतो, हात लांब केला की फळ्यावरचं एकच अक्षर. दूरचा, मधला आणि जवळचा फोटो यातला फरक मुलांच्या हाताला कळतो. प्रत्येक जोडीने एकाच प्रसंगाच्या, समजा पेन्सिलला टोक काढण्याच्या, पाच चौकटी शोधायच्या: फक्त हात, फक्त चेहरा, हात आणि चेहरा एकत्र, दूरून सगळी जागा, आणि काम करणाऱ्याच्या खांद्यावरून त्याला जे दिसतं ते. मुलं आपणहून काढतात ते फोटो बहुधा मधल्या अंतरावरचे, छातीच्या उंचीवरून आणि समोरून घेतलेले असतात. तुमचे ४०० चाळून पाहा, तेच दिसेल. सगळं एकाच अंतरावरून घेतलं की प्रेक्षकाला पुढे सरकल्यासारखं वाटत नाही.

आता गट. ३८ मुलांचे नऊ गट करा, सात चौघांचे आणि दोन पाचांचे. गटात चार कामं: फोटो काढणारा, टिपून घेणारा, माणसांशी बोलून परवानगी मागणारा, आणि राखणारा, म्हणजे वेळ, पाय आणि फोन सांभाळणारा. दर सहा फोटोंनंतर कामं फिरवायची. नाहीतर ज्याच्या घरी चांगला फोन आहे तोच शेवटपर्यंत कॅमेरा धरून बसतो, आणि मुली बहुतेक वेळा टिपणं लिहीत राहतात. पाचांच्या गटात दोघांनी टिपायचं. तीन यंत्रं, नऊ गट, म्हणजे २० मिनिटांच्या तीन पाळ्या, एकूण तासभर. हातात कॅमेरा नसलेले सहा गट त्या वेळात रेखाटनं करतील, प्रश्न विचारतील, आवाजांची यादी करतील. ही टिपणं पुढे फोटोखालच्या ओळी लिहायला फोटोंपेक्षाही जास्त उपयोगी पडतात.

प्रत्येक गटाला २४ फोटो. जागेवर एकही पुसायचा नाही. पुसायची मुभा दिली की मुलांची नजर समोरच्या कामावरून उडते आणि पडद्यालाच चिकटते. शिवाय बिघडलेला फोटो हाताशी असला तरच चांगल्याशी तुलना करता येते. गटाचा पहिला फोटो गट क्रमांक लिहिलेल्या कागदाचा असावा, तो २४ मध्ये धरायचा नाही. एकाच टॅबवर तीन गटांचे फोटो एकापाठोपाठ येतात, संध्याकाळी ते वेगळे करताना हा कागद तास वाचवतो. निघण्याआधी तिन्ही यंत्रांची तारीख-वेळ जुळवा, कॅमेऱ्याच्या सेटिंगमधली स्थळनोंद (लोकेशन) बंद करा, चौकटरेषा (ग्रिड) चालू करा. एक फोटो साधारण ४ एमबी धरला तर नऊ गटांचे मिळून ९०० एमबी होतात, प्रत्येक यंत्रात ३०० च्या आसपास. १ जीबी मोकळी ठेवलीत की झालं. सगळे फोटो आडवेच घ्यायचे हेही आधीच ठरवा. उभे-आडवे मिसळले की पुढे व्हिडिओत काळ्या पट्ट्या येतात.

गटांना विषय वाटू नका, प्रश्न वाटा. 'चुलवाण' (रस उकळायची भट्टी) असा विषय दिला की चुलवाणाचे २४ फोटो येतात. 'चुलव्याला जाळ कमी-जास्त करायचा हे कशावरून कळतं?' असा प्रश्न दिला की मूल चुलव्याच्या, म्हणजे जाळ सांभाळणाऱ्याच्या, नजरेच्या मागे जातं. उकळत्या रसावरची मळी काढणारा नेमका कधी थांबतो, गूळ तयार झाला हे गुळव्या (गूळ शिजवणारा कारागीर) कसं ओळखतो, रस निघाल्यावर चिपाडांचं काय होतं, दिवसभर उभं राहणारा माणूस बसतो कुठे, असे नऊ प्रश्न तुम्हाला सहज सुचतील. एक आधण, म्हणजे एका वेळचा रस, उकळून उतरायला अडीच-तीन तास लागतात, त्यामुळे काहील (रस उकळायची मोठी कढई) उतरण्याची वेळ गुळव्याला आदल्या दिवशी विचारून ठेवा. ज्या गटांचे प्रश्न शेवटच्या टप्प्याचे आहेत त्यांची पाळी शेवटी लावा. मागच्या खेपेला गुळाच्या रव्यांचे (ढेपांचे) फोटो भरपूर आणि काहील वाफ्यात (गूळ थंड करायच्या उथळ हौदात) ओतण्याचा एकही नाही असं झालं असेल, तर कारण बहुधा वेळेचंच आहे.

गुऱ्हाळ ही फोटोसाठी अवघड जागा आहे. छपराखाली अंधार, दाराबाहेर लख्ख ऊन, मध्ये जाळ आणि सगळीकडे वाफ. तुमचे काळे आणि हललेले फोटो यातूनच आलेत.

हिवाळ्याच्या सकाळी गार फोन वाफेच्या जागेत नेला की भिंगावर दव धरतं. फोन खिशात ठेवून काहिलीपासून लांब, पण छपराखालीच दहा मिनिटं थांबा, तो ऊबदार झाला की दव धरायचं थांबतं. दर पाळीला भिंग सुती कापडाने पुसा. गुळाच्या हाताचा ठसा उमटला की सगळे फोटो दुधाळ येतात आणि मुलांना वाटतं टॅबच खराब आहे.

फ्लॅश बंद. वाफ आणि धूळ फ्लॅशचा उजेड कॅमेऱ्याकडेच परत फेकतात, फोटोत पांढरे ठिपके येतात, आणि दोन मीटरपलीकडे त्याचा उपयोगही नसतो. वाफ दिसायला हवी असेल तर उजेड तिच्या मागून किंवा बाजूने यावा अशी जागा धरा, मागे अंधारी भिंत आली तर उत्तम. समोरून उजेड पडला की ती नुसती धुरकट चादर दिसते.

जाळाचा फोटो घेताना कॅमेरा आजूबाजूचा अंधार पाहून सगळंच उजळवतो आणि जाळाच्या जागी पांढरा डाग उरतो. ज्याच्या चेहऱ्यावर जाळाचा उजेड पडलाय त्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस कुलूपबंद झाला की शेजारच्या सूर्यचिन्हाची पट्टी थोडी खाली ओढा. काही यंत्रांत ही सोय वेगळ्या जागी असते, ती शाळेतच शोधून ठेवा. दाराकडे पाठ करून उभा असलेला माणूस काळाच येणार. मुलाने स्वतः दाराकडे पाठ करून उभं राहावं.

हललेल्या फोटोंचं कारण कमी उजेड. शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि तेवढ्यात हात किंवा समोरचा माणूस हलतो. कोपर बरगड्यांना टेकवा, खांबाला टेका, श्वास सोडा, मग दाबा. हालचालीत क्षणभर ठहराव असतो तो पकडा. झारा वर गेला की परतण्याआधी पळभर थांबतो, फावड्याचंही तसंच. बोटांनी ओढून झूम करू देऊ नका, तो फोटो मोठा करत नाही, कापतो. टॅबचा कॅमेरा सहसा फोनपेक्षा कमजोर असतो, म्हणून बाहेरच्या उजेडातले प्रश्न, ऊस, चरक, चिपाडं, टॅबवाल्या गटांना आणि चुलवाण-काहिलीचे फोनवाल्यांना. बल्बखाली फोटोत आडवे पट्टे आले तर घाबरू नका. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे काही बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि वेगवान शटर ते टिपतं. जागा बदलली की बहुतेक वेळा जातात.

सुरक्षेचा नियम एकच आणि कडक: पाय हलवायचे असतील तर फोन खाली. पडद्यात बघत मागे सरकणारं मूल हा इथला खरा धोका आहे. उतरायच्या वेळी गुळाचं तापमान ११५ अंश सेल्सिअसच्या वर असतं आणि तो कातडीला चिकटतो. काहिलीपासून किमान दोन मीटरवर चुन्याची रेघ ओढा, चरकाच्या पट्ट्याभोवतीही तशीच. रेघेच्या आत मोठ्या माणसानेही फोटोसाठी जायचं नाही.

परवानगीचं काम दोन पातळ्यांवर. गुऱ्हाळमालकाची तुम्ही आधी घ्याल, पण कामगाराची परवानगी मालक देऊ शकत नाही. ती मुलांनी त्या माणसाला विचारायची, काढल्यावर त्यालाच फोटो दाखवायचा, आणि तो नको म्हणाला तर त्या फोटोवर वहीत फुली. ऊसतोड टोळीतली किंवा गुऱ्हाळावर राहणारी लहान मुलं दिसली तर त्यांचे चेहरे घेऊ नका. नाहीतर दुसऱ्याची गरिबी आपल्या प्रकल्पाचं सामान होऊन बसते, आणि सातवीच्या मुलांना हा मुद्दा आपल्याला वाटतो त्यापेक्षा लवकर समजतो. आपल्या विद्यार्थ्यांच्या पालकांकडून दोन वेगवेगळ्या सह्या घ्या: एक सहभागाची, दुसरी मुलाचा चेहरा किंवा नाव शाळेबाहेर दाखवण्याची. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची अट आहे. पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर फोटो टाकण्याची घाई त्या सह्या येईपर्यंत आवरा.

फोटो संगणकावर केबलनेच घ्या. व्हॉट्सअॅपवरून साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लांब बाजूला १६०० पिक्सेलच्या आसपास आकसतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ आकार राहतो, पण स्थळनोंद चालू असेल तर तीही सोबत जाते.

आता मुख्य काम. २४ पैकी सहा ठेवायचे. पडद्यावर ही निवड होत नाही, कारण पडद्यावर एका वेळी एकच फोटो दिसतो आणि माऊस एकाच्याच हातात असतो. गटाचे २४ फोटो निवडून विंडोजच्या छपाईत 'काँटॅक्ट शीट' हा आराखडा घ्या, एका ए-फोर कागदावर सगळे बसतात. काळं-पांढरं चालेल, उलट बरंच, रंगाचं आकर्षण गळून पडतं. कापून पत्ते करा आणि गटाला जमिनीवर बसवा.

पहिली फेरी: २४ चे १०. काढून टाकलेला प्रत्येक पत्ता उपडा ठेवताना कारण मोठ्याने सांगायचं. 'चांगला नाही' हे कारण नाही. 'यातलं सगळं दुसऱ्या फोटोत आहे' हे कारण आहे. दुसरी फेरी: १० चे ६. दहा पत्ते ओळीत मांडून एकेकावर हात ठेवा आणि उरलेले नऊ वाचा. काहीच अडलं नाही तर तो पत्ता बाहेर. मग शेजारचे दोन पत्ते अदलाबदल करा. अर्थ बदलत नसेल तर त्या दोघांत गोष्ट नाही, नुसती यादी आहे.

इथे बहुतेक गट एकाच जागी अडकतात. ऊस, रस, काहील, मळी, वाफा, रवा. हा क्रम अचूक आहे आणि तो भिंतीवरच्या तक्त्याचा आहे. गोष्ट व्हायला कुणीतरी माणूस हवा, त्याला काहीतरी साधायचं हवं आणि ते बिघडू शकेल अशी शक्यता हवी. चुलव्याच्या प्रश्नाची एक मांडणी सांगतो. पहिला फोटो जवळचा: आत टक लावून बघणारे डोळे, कशाकडे ते कळत नाही. दुसरा दूरचा: अख्खं चुलवाण, तो खाली एकटा, वर काहिलीभोवती चौघं. तिसरा: चिपाडांची कवळ उचललेले हात. चौथा: गुळव्याचा हाताचा इशारा. पाचवा खांद्यावरून: चुलव्याला जाळातून जेवढं दिसतं तेवढंच. सहावा: वाफ्यात ओतलेला गूळ, भोवती सगळे, आणि चौकटीच्या कडेला पाठमोरा तोंड धूत असलेला चुलव्या. रव्याचा फोटो यात नाहीच. मुलं त्यासाठी भांडतील, भांडू द्या, पण सातवा देऊ नका.

निवडीआधी दाखवायला एक उदाहरण चांगलं आहे. अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिआ लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे स्थलांतरित मजुरांच्या छावणीत एका आईचे आणि तिच्या मुलांचे अनेक फोटो काढले. जगाला त्यातला एकच माहीत आहे, 'मायग्रंट मदर' नावाचा. बाकीचे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर बघायला मिळतात आणि ते सरकारी कामासाठी काढलेले असल्याने वर्गात वापरायला अडचण नाही. दूरचा तंबू आणि जवळचा चेहरा शेजारी लावा आणि हाच का गाजला, ते विचारा. याच फोटोत कोपऱ्यात दिसणारा एक अंगठा नंतर पुसट करण्यात आला होता, म्हणजे 'फोटोत काय बदलावं' ही चर्चाही इथूनच सुरू करता येते. वर्गाचा नियम सोपा ठेवा: कापणं, सरळ करणं, उजेड कमी-जास्त करणं चालेल. वस्तू पुसणं, आकाश बदलणं, एआयकडून काही भरून घेणं चालणार नाही. फोनमधलं जादूई खोडरबर मुलांना आपल्याआधी माहीत असतं, तेव्हा हे स्पष्ट बोलाच.

ओळी लिहिताना प्रत्येक फोटोला १२ ते २० शब्द. दिसतं तेच लिहायचं नाही. 'हे चुलवाण आहे. काका चिपाडं घालत आहेत.' ही ओळ फोटो आधीच सांगतोय. 'वरून हाक आली की चार कवळ जास्त. काका म्हणाले, रस दिसत नाय, आवाजावरनं कळतं.' यात आवाज आला, माणसाचं बोलणं आलं, फोटोत नसलेली माहिती आली. ऐकलेलं बोलणं जसंच्या तसं लिहू द्या, 'नाय' चं 'नाही' करू नका. चुलव्या, आधण, कवळ, मळी हे शब्दही तसेच राहू देत. निवेदनाच्या वाक्यात मात्र शुद्धलेखन तपासा. सातवीच्या भाषेचा सगळा अभ्यास या सहा ओळींत होतो आणि प्रत्येक ओळ तीन-चार वेळा लिहावी लागते.

आवाज जोडायचा असेल तर सहा फोटोंना दीड मिनिट पुरतं. पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर आणि जरासा बाजूला, म्हणजे 'फ' आणि 'भ' चे फटके बसत नाहीत. प्रत्येक फोटोची ओळ वेगळी रेकॉर्ड करा, चुकली तर तेवढीच पुन्हा. ओपनशॉट किंवा शॉटकट ही मोफत सॉफ्टवेअरं पुरेशी आहेत. आधी आवाज मांडा, फोटोची लांबी त्यावरून ठरवा. गरगर फिरणारे बदल आणि सिनेमाचं गाणं नको. गाण्याचा हक्क आपला नसतो, आणि ते मुलाचा आवाज गिळतं. मागे गुऱ्हाळाचाच आवाज हळू ठेवलात तर छान. मथळे युनिकोडमध्येच टाइप करा, जुन्या फाँटमधली अक्षरं दुसऱ्या संगणकावर फुटतात.

गुण २० पैकी असे द्यावेत असं माझं मत: टिपणं आणि तयारी ४, निवड आणि तिची कारणं ५, क्रम ३, ओळी ६, परवानगी आणि माणसांशी वागणूक २. फोटोच्या स्पष्टतेला शून्य. तुमच्याकडची यंत्रं सारखी नाहीत, गुण टॅबला पडतील आणि मुलाला कापतील. गटात कुणी नुसतं बसून राहिलं का, हे कळायला प्रत्येकाने एकेक टाकून दिलेला फोटो घेऊन तो का टाकला यावर पाच ओळी एकट्याने लिहायच्या. निवडीच्या तासिकेला जो हजर होता पण भाग घेत नव्हता, त्याला या ओळी जमत नाहीत.

प्रदर्शनासाठी ए-फोर छपाईला लांब बाजूला १७५० पिक्सेल पुरतात, १२ मेगापिक्सेलचा फोटो त्याच्या दुपटीहून मोठा असतो. फोटोंचा मध्य जमिनीपासून साधारण १३० सेंटिमीटरवर, ओळी २४ पॉइंटमध्ये. एक संच गुऱ्हाळावर लावा, आणि तो लावायला हंगाम संपायच्या आधी जा. चुलवाण थंडावल्यावर ज्यांचे फोटो आहेत ती माणसं तिथे नसतात.